रेघेच्या चुकीच्या बाजूची घोडी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज आता लांबवर पोचत नाही, आणि सांगायची गोष्ट मात्र मोठी आहे. मी एक जुनी घोडी आहे. घोडी म्हटल्यावर शेपूट नि आयाळ शोधू नका. गिटारच्या तारा जिच्यावर टेकतात ती मी, काळ्याभोर लाकडाची, करंगळीएवढ्या उंचीची. सध्या माझा मुक्काम चष्म्याच्या एका जुन्या डबीत आहे. आत मऊ कापड आहे आणि आठवायला वेळच वेळ आहे. गोष्ट माझ्या आयुष्याची आहे, पण तीत मोठेपणा माझा नाही. तो कुणाचा, ते ऐकता ऐकता तुमचं तुम्हालाच कळेल.

मला घडवणारा कारागीर गप्प माणूस होता. एका मोडक्या खुर्चीच्या पाठीचा तुकडा त्याने उचलला, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि हसला. त्या टिचकीत माझं नशीब ठरलं. त्याने मला दोन पाय दिले, डोक्यावर सहा बारीक खाचा पाडल्या आणि एका पोकळ पोटाच्या गिटारवर नेऊन उभं केलं. ती गिटार विजेचीही होती. वायर जोडली तर सभागृह भरून टाकेल, नाही जोडली तर एका खोलीपुरतं बोलेल.

आता एक गोष्ट ध्यानात धरा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. मला त्या गिटारवर कुणी चिकटवलेलं नव्हतं. सरेस नाही, खिळा नाही. सहा तारा वरून दाबत, तेवढ्याच आधारावर मी उभी. तारा सैल केल्या की मला सरकवता येई, तारा काढल्या की मी निखळून हातात येई. पण जागेला मात्र फार महत्त्व. तांदळाच्या दाण्याएवढी जरी मी मागेपुढे झाले, तरी मोकळी तार सुरात लागते आणि पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवलं की सूर बिघडतो. मी पुढे, दांडीकडे सरकले तर चढतो, मागे सरकले तर उतरतो.

सुरुवातीची दहाएक वर्षं मी नाचगाण्याच्या एका दालनात काढली. ते दिवस धावपळीचे होते, त्यांची आठवण फारशी उरली नाही. मग वाजवणारा म्हातारा झाला, गिटार एका दुकानाच्या भिंतीला टांगली गेली, आणि तिथून एका संध्याकाळी बाबा आम्हाला घरी घेऊन आले.

बाबा छापखान्यात खिळे जुळवत. दिवसभर शिशाची उलटी अक्षरं वेचायची, ओळी बांधायच्या, नखं काळी करून घ्यायची. पण आठवड्यातून एकदा तेच हात घासूनपुसून ते प्रार्थनागृहातल्या सभेला जात आणि गाऊन प्रवचन सांगत. कशी गोडी होती त्यात म्हणून सांगू! एखादी साधीसुधी गोष्ट घ्यायची, चार वाक्यं बोलून सांगायची, पाचवं गाऊन म्हणायचं, आणि समोर बसलेल्यांनी ते उचलून धरायचं. हातगाडीवाले, शिक्षिका, पोराबाळांच्या आया, सगळ्यांचा मिळून एकच आवाज होई. पोकळ पोटातून तो आवाज माझ्या पायांपर्यंत पोचे तेव्हा वाटे, लाकडाचा जन्म मिळाला तो सार्थकी लागला.

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग प्रार्थनागृहाची नवी इमारत उघडायचा दिवस आला. बाबांच्या मनात आलं, देवासमोर जायचं तर गिटारनेही न्हाऊनमाखून जावं. एरवी ते एक तार काढत, तिच्या जागी नवी चढवत, मग दुसरीला हात घालत. त्या दिवशी मात्र सहाच्या सहा तारा एकदम उतरवल्या. मी हरवू नये म्हणून मला खिशात ठेवण्याआधी, माझ्या पायांच्या मागच्या कडेला लागून त्यांनी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. इथवर सगळं शहाणपणाचं झालं. तेवढ्यात त्यांचे मेहुणे आले. चहा झाला, गप्पा झाल्या, मेहुण्यांच्या गुडघेदुखीची अथपासून इतिपर्यंत हकीकत झाली. बाबा परत येऊन बसले तेव्हा रेघ जागेवर होती, पण मी रेघेच्या अलीकडे होते की पलीकडे, हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. त्यांनी मला रेघेच्या पलीकडे, मागच्या बाजूला उभं केलं.

तुम्ही विचाराल, तू ओरडली का नाहीस? ओरडले मित्रांनो. पण लाकडाचं ओरडणं तारेतूनच ऐकू येतं, आणि तारा अजून चढायच्या होत्या.

पहिले काही आठवडे बाबा वैतागले. वरच्या पडद्यांवर सूर उतरत होता. त्यांनी नव्या तारांना बोल लावला, मग हवेला लावला. बाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या की उलटी अक्षरं वाचून वाचून या माणसाला सगळं जगच उलटं दिसायला लागलंय. आणि मग बाबांच्या बोटांनी, बाबांना न विचारताच, एक तोड काढली. तार दाबताना ती किंचित बाजूला ओढायची. तार ओढली की सूर चढतो, आणि उतरलेला सूर बरोबर ठिकाणी येऊन बसतो. कुठल्या पडद्यावर किती ओढायची याचा हिशेब निराळा, पण बोटांनी तो पाठ केला. महिन्याभरात बाबा विसरूनही गेले की काही बिघडलं होतं. लोक म्हणू लागले, या गिटारमध्ये काहीतरी वेगळाच गोडवा आहे. आणि मी, चुकीच्या जागी उभी असलेली मी, तो गोडवा आपलाच समजून फुगत राहिले.

बाबांना एकच मुलगी. घरात तिला सगळे बारकी म्हणत. पुढे ती बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव बारकीच राहिलं. ती दहा वर्षांची झाली तेव्हा हट्टाने गिटार शिकायला बसली. तिने बोट ठेवलं, सरळ, जसं ठेवायला हवं तसं. सूर उतरला. उतरणारच, मी मागे उभी होते ना! बाबा मायेने म्हणाले, नीट ऐक. ती नीटच ऐकत होती बिचारी. पुन्हा बोट, पुन्हा सरळ, पुन्हा उतरलेला सूर. गिटार ऐकून गायची म्हणून तिचा गळाही तिच्यामागे उतरायचा. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले असत, आणि मला हलता येत नव्हतं. असे चार महिने गेले.

एका दुपारी बाबांनी गिटार बाजूला ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उतरतेस गं बारके," ते म्हणाले. "असू दे. देव सगळ्यांना सगळं देत नाही. तू सभेत नुसते ओठ हलवलेस तरी त्याला ऐकू जातं."

रागावून म्हणाले असते तर तिने भांडून घेतलं असतं. प्रेमाने म्हणाले, म्हणून ते आत जाऊन बसलं. त्या दिवसापासून बारकीने नुसते ओठ हलवले. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, अठ्ठावीस वर्षं. सभेत तिसऱ्या रांगेत ती नेमाने येऊन बसे, प्रत्येक ओळ तिला पाठ, चेहऱ्यावर सगळा भाव, आणि आवाज शून्य. तिचं लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून संसार थाटला. स्वतःच्या मुलाला मांडीवर घेऊन तिने गोष्टी खूप सांगितल्या, पण गाणं एकही म्हटलं नाही. म्हणायची, उगाच पोराचा कान बिघडायचा.

पोटापाण्याला ती चष्म्याच्या दुकानात लागली. काचा घासून चौकटीत बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकाकानाला चष्मा बरोबर बसतो की नाही ते बघायचं. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे.

या सगळ्या वर्षांत मी झिजले. तारांनी माझ्या खाचा खोल केल्या, एक पाय पोखरल्यासारखा झाला. आणि मग बाबा आजारी पडले. छातीत कफ भरला, ताप हटेना, सात आठवडे ते दवाखान्यात होते. घरी आणायच्या आदल्या दिवशी बारकी माहेरी आली. वडिलांना काहीतरी छान दिसावं म्हणून तिने गिटार पुसायला घेतली, आणि कोपरान् कोपरा लख्ख व्हावा म्हणून सहाही तारा एकदम काढल्या. मित्रांनो, बापाची लेक ती! मी निसटले, फरशीवर आपटले, आणि माझा झिजलेला पाय उभा चिरला.

ती घाबरून मला आणि गिटारला घेऊन सरेसकाकांकडे धावली. सरेसकाका वाद्यं दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात, कपड्यांत आणि मिशीतसुद्धा सरेसाचा वास, म्हणून सगळ्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं होतं. त्यांनी मला दोन बोटांत धरून उजेडात फिरवलं आणि सांगितलं, हिची सेवा झाली आता. त्यांनी नवी घोडी घेतली, उंची कमीजास्त करायला पितळी चक्र्या असलेली. तिचे पाय घासून गिटारच्या फुगीर पोटाला अंगासरसे बसवले, पट्टीने अंतर मोजलं आणि जिथे असायला हवी नेमकी तिथे ती उभी केली. बारकीने मला टाकलं नाही. पर्समधल्या चष्म्याच्या डबीत ठेवलं.

बाबा घरी आले. गालफडं बसली होती, पण डोळ्यांत चमक होती. आठ दिवसांनी सभा होती, आणि सगळ्यांनी निरोप धाडले होते की प्रवचन तुमचंच. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि वरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तीस वर्षांच्या सवयीने बोटाने तार किंचित ओढली. सूर चढला. त्यांनी दुसरा लावला, तोही चढला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

तीन दिवस ते झगडले. चौथ्या दिवशी त्यांनी गिटार पेटीत ठेवून कडी लावली आणि शांतपणे सांगितलं की आजारपणात आपला कान गेला. बेसूर माणसाने देवापुढे उभं राहू नये. सभेला कळवून टाका, दुसरं कुणीतरी बघा. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कान गेला म्हणे! स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं तरी बाहेरून विचारतात काय पडलं. पण बोलताना त्यांचा स्वर हलला. प्रवचन सुटलं तर हा माणूस आजारातून उठूनही उठणार नाही, हे त्यांना कळत होतं, बारकीलाही कळत होतं. आणि डबीत पडल्या पडल्या मला कळत होतं, की कान जिथल्या तिथे आहे. खोट माझ्यात होती. पण चष्म्याच्या डबीतून कोण ऐकणार?

बारकीच्या जिवाला घोर लागला. मीच तारा काढल्या, मीच बाबांचं गाणं मोडलं, असं तिने मनाला लावून घेतलं. गिटारला आणि मला घेऊन ती पुन्हा सरेसकाकांकडे गेली, आणि जुनीच घोडी कशीही करून बसवा म्हणून अजिजी करू लागली. चिरलेला पाय तारांचा भार पेलणार नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. ऐकेना. शेवटी त्यांनी नवी घोडी काढून, मला निदान जागेवर ठेवून बघावं म्हणून गिटार खिडकीपाशी नेली.

उजेड तिरपा पडला, आणि बारकी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"काका," ती म्हणाली, "हा चष्मा घसरलेला आहे."

सरेसकाकांना वाटलं पोरीला झोप नाही, बरळतेय. तिने बोट ठेवून दाखवलं. वर्षानुवर्षं चष्मा लावला की नाकावर दोन खुणा पडतात. चष्मा खाली घसरून तिथेच राहिला तर खाली आणखी दोन पडतात. रोज बघते मी हे, ती म्हणाली. इथे बघा, पायांच्या खुणांच्या दोन जोड्या आहेत. पुढची फिकट आहे, मागची गडद. आणि मधे ही रेघ.

माझा ऊर भरून आला. तीस वर्षं जे मला सांगता आलं नाही, ते माझ्या पाऊलखुणांनी सांगितलं.

सरेसकाकांनी पट्टी लावली. पुढची जोडी बरोबर जागेवर होती. त्यांनी नवी घोडी मागच्या जोडीवर, म्हणजे माझ्या जुन्या जागी उभी केली, तारा लावल्या, सूर मोजायचं यंत्र पुढ्यात ठेवलं आणि बारकीला सांगितलं, पडद्यावर बोट दाब. ती मागे सरली. मला सूर नाही, म्हणाली. सूर यंत्र बघेल, तू नुसतं बोट ठेव, ते म्हणाले. तिने ठेवलं. काटा डावीकडे कलला, सूर उतरलेला. तिने मान खाली घातली, जणू तिचीच चोरी पकडली गेली. मग त्यांनी घोडी पुढच्या खुणांवर सरकवली. पुन्हा ठेव, म्हणाले. काटा मधोमध उभा राहिला. दुसरा पडदा, मधोमध. तिसरा, चौथा, बारावा, काटा हलेना. तिने एकेक करून सगळे पडदे दाबले. सरेसकाका उगाचच मागे वळून सरेसाचं भांडं ढवळत बसले.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना तिथे घेऊन आली. बाई सोबत आल्याच. आधी घोडी मागच्या खुणांवर ठेवली, गिटार बाबांच्या हाती दिली. बोटांनी आपली वाट पकडली, तार ओढली गेली, काटा मधोमध. बाबांच्या चेहऱ्यावर रंग चढला. मग घोडी पुढे सरकवली. बाबांनी तेच वाजवलं, काटा उजवीकडे. सरेसकाकांनी समजावून सांगितलं की वाद्य तीस वर्षं चुकत होतं आणि तुमची बोटं ते गुपचूप दुरुस्त करत होती. कान गेलेला माणूस एवढं करू शकेल का, तुम्हीच सांगा.

"आणि सरळ बोट ठेवलं तर?" बाबांनी विचारलं.

सरेसकाका बारकीकडे बघू लागले. ती नको नको म्हणत होती, तरी बाबांनी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने बोट ठेवलं. काटा मधोमध. मग बाबांनीच तारा सैल करायला लावल्या, घोडी मागे न्यायला लावली आणि त्याच पडद्यावर तिला पुन्हा बोट ठेवायला सांगितलं. सूर उतरला. तो सूर खोलीतल्या तिघांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी चार महिने ऐकला होता. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"नऊ वर्षांची होतीस तू," बाबा म्हणाले.

"दहा."

"दहा." त्यांनी घोडीवर बोट ठेवलं. "तू सरळच दाबत होतीस गं. वाकडं मी ओढत होतो."

बारकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, तुमचा कान शाबूत आहे. एवढंच दाखवायला तुम्हाला आणलं होतं."

मित्रांनो, हे ऐका आणि मनात जपून ठेवा. आपली अठ्ठावीस वर्षं आदल्या दिवशी तिच्या हाती आली होती. ती त्यांच्यापुढे आपटली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण बारकी आली होती बापाचं गाणं परत द्यायला.

सरेसकाकांनी विचारलं, मग आता घोडी कायमची कुठे बसवू? बारकी म्हणाली, मागेच राहू द्या, चार दिवसांवर सभा आली, बाबांची बोटं एवढ्यात कशी बदलतील? बाबांनी मान हलवली. पुढेच बसवा, म्हणाले. यापुढे या गिटारवर जे कुणी सरळ बोट ठेवेल त्याला सरळ सूर मिळाला पाहिजे.

सभेच्या दिवशी मी बारकीच्या पर्समध्ये, तिसऱ्या रांगेत होते. बाबांनी वरच्या पडद्यांना हात लावला नाही. मोकळ्या खालच्या तारा तेवढ्या छेडत राहिले आणि गोष्ट सांगू लागले. ही माझीच गोष्ट सांगितली त्यांनी, पेन्सिलीच्या रेघेसकट, मेहुण्यांच्या गुडघ्यासकट. लोक हसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. ते म्हणाले, मी माझ्या वाद्याची चूक माझ्या लेकराच्या पदरात टाकली, आणि वर देवाचं नाव घेऊन टाकली. आज त्याच्या समोर, तुमच्या समोर, ती परत घेतो. चार वाक्यं झाली. पाचवं त्यांनी गाऊन म्हटलं आणि ओळ उचलायला सगळ्यांकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे एकाच ठिकाणी पाहिलं.

सभा उचलायची थांबली. पर्सची कड बारकीच्या मुठीत आवळली गेली होती. मग माझ्या अगदी जवळून एक आवाज निघाला. बारीक, खरखरीत, इतकी वर्षं न वापरलेला. पहिल्याच शब्दाला तो फाटला. पुन्हा धरला, थरथरला, आणि तिसऱ्या शब्दाला जागेवर येऊन असा बसला की बाबांच्या हातातली मोकळी तारसुद्धा त्याला दाद द्यायला घुमली. तेव्हा कुठे बाकीच्यांनी ओळ उचलली.

माझी हकीकत इथे संपते. वाद्यं जपा मित्रांनो, तारा एकदम सगळ्या काढू नका, हे तर मी सांगणारच, तो माझा धर्म आहे. आणि कुणी बेसूर आहे असं तुमच्या कानावर आलं, तर बोट दाखवण्याआधी त्याच्या हातात दिलेलं वाद्य एकदा तपासा. माझ्याबद्दल हळहळू नका. मी मऊ कापडावर सुखात आहे. फक्त एक करा. देवापुढे हात जोडाल तेव्हा ज्यांची ज्यांची आठवण काढता, त्यांत तिसऱ्या रांगेतल्या आमच्या बारकीचीही काढा.